मदत हवी आहे: बहिणीला कसं सावरू?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. माझ्या धाकट्या बहिणीचं चार महिन्यांपूर्वी ठरता ठरता मोडलं. मुलाच्या घरच्यांना जात आडवी आली आणि त्यानं माघार घेतली. ज्या शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली, त्यांच्याच गावात हे घडावं याची चीड येते. गल्लीत मात्र भलतंच पसरलंय: पुण्यात नोकरी लागली म्हणून हिनंच त्याला सोडलं! सख्खी मावशीसुद्धा तोंडावर तेच बोलली. तेव्हापासून ती कुणाला काही सांगायच्या फंदातच पडत नाही. जेवायला बसली की भाकरी कुस्करत राहते, कालवणाला हात लावत नाही. रंकाळ्यावर चल म्हटलं तर "कोण ना कोण भेटेल" म्हणून नको म्हणते.

मानसिक त्रासात फोनवरून मदत करणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर मला माहीत आहे. तिथं मराठीतून कुणी बोललंय का? कसा अनुभव आला? कोल्हापुरात ब्रेकअपला थिल्लर न समजणारा समुपदेशक माहीत असेल तर कृपया सुचवा. आणि नातेवाइकांना खरं काय ते मीच सांगून टाकू, की तिला विचारल्याशिवाय गप्पच बसू?