प्रस्ताव १ (कॅलिफोर्निया, ५ मार्च २०२४): हो की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यामुळे हे पहिलंच मतदान. मतपत्रिका कधीची घरी आलीय, लिफाफा फ्रीजवर पडून आहे. बाकीचं सगळं भरलं, प्रस्ताव १ पाशी (यावर थेट मतदारांनीच हो-नाही ठरवायचं) पेन अडलंय.

माहितीपुस्तिका वाचली. (हिंदीतली सासूबाईंना दिली. चार पानांत त्यांनी चष्मा काढून ठेवला.) मला कळलं ते असं: राज्य ६३८ कोटी डॉलरचे रोखे काढणार. त्यातून मानसिक आजार आणि व्यसनांच्या उपचारासाठी खाटा, शिवाय बेघरांसाठी घरं, त्यातली निम्म्याहून जास्त माजी सैनिकांना. फेड ३० वर्षं, वर्षाला साधारण ३१ कोटी. इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. २००४ च्या प्रस्ताव ६३ पासून दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का कर आहे, तो मानसिक आरोग्यासाठी. जवळजवळ सगळा काउंट्यांकडे (म्हणजे इथले जिल्हे) जातो. आता त्यातलेच ३० टक्के काउंट्यांनी घरांवर घालायचे, आणि राज्याचा हिस्सा ५ वरून १० टक्के. कर मात्र तेवढाच. म्हणजे पांघरूण तेच, डोकं झाकलं की पाय उघडे, असंच ना?

मी महिन्यातून दोन शनिवार एका केंद्रात जेवण वाढायला जाते. आंघोळीची सोय आहे, बोलायला माणूस आहे, आणि तोही स्वतः अशा आजारातून गेलेला. पैसा प्रस्ताव ६३ चाच. तिथल्या ताई म्हणाल्या, "हे पास झालं तर आमचं काही खरं नाही." पण घरी येताना सॅन होजेत कायोटी क्रीकच्या काठचे तंबू दिसतात, आणि वाटतं, रात्री परत तिथेच जायचं तर दुपारच्या गप्पांनी काय होणार?

काउंटीत किंवा अशा संस्थेत कुणी काम करतं का? हे ३० टक्के नेमके कशातून कापणार? ("गव्हर्नर न्यूसम हो म्हणतोय, म्हणून आपलं नाही" हे उत्तर नवऱ्याने दिलंय, पुन्हा नको.) आणि तेवढंच कोरं सोडलं तर अख्खी मतपत्रिका बाद होते का?

प्रतिसाद:
नाही, बाकीची मतं मोजतात. लिफाफ्यावर सही तेवढी विसरू नका, आमच्या ह्यांचं घोडं तिथेच अडलं होतं.

मी याच क्षेत्रात आहे. नवी वाटणी अशी: ३० टक्के घरं, ३५ टक्के अतिगंभीर रुग्णांच्या पूर्ण देखभालीला, उरलेल्या ३५ मध्ये बाकी सगळं. तुमचं केंद्र त्या शेवटच्या ३५ मध्ये, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग आजार सुरुवातीलाच गाठण्यासाठी राखलेला. थोडी रक्कम इकडची तिकडे करता येते, पण थोडीच. जी काउंटी आजही घरांवर बराच खर्च करते तिला फार झळ नाही. बदल २०२६ च्या जुलैपासून. मी 'हो' केलं, कारण रुग्ण बरा करून परत फुटपाथवर सोडायचा मला कंटाळा आलाय.

धागाकर्ती:
आभार. सही केली. ते एक अजून कोरंच आहे. आमची सांता क्लारा काउंटी (सॅन होजे हिच्यातच) आज घरांवर किती घालते, कुणाला माहीत आहे का?