मदत हवी आहे : वजनाबद्दल मुलांना विचारताना कोणते शब्द वापरावेत?

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत समुपदेशक असून, आठवी-नववीच्या मुलामुलींना स्वतःचे वजन कसे वाटते यावर एक प्रश्नावली तयार करत आहे. अडचण शब्दांची आहे. आजी जिला कौतुकाने ‘खात्यापित्या घरची’ म्हणते, तीच मुलगी डबा न उघडता परत नेते. उलट भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांनुसार वजन जास्त असलेल्या एका मुलाला घरचे ‘वाळलाय’ म्हणतात आणि त्यालाही ते खरे वाटते.

भरलेल्या बांध्याला मान देणाऱ्या फिजी या पॅसिफिक महासागरातील बेटांच्या देशातील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली आणि तीनच वर्षांत तिथल्या शाळकरी मुलींमध्ये बारीक होण्याची ओढ वाढल्याचे संशोधकांना आढळले. आपल्या मुलींच्या हातात तर मोबाइल आहे, म्हणून मला ही काळजी अधिक वाटते.

‘लठ्ठ’ ही शिवी ठरते, ‘जाड’ टोचते आणि ‘सुदृढ’चा अर्थ घरोघरी वेगळा होतो. आपल्यापैकी कोणी शिक्षक, आहारतज्ज्ञ किंवा पालकांनी मुलांशी या विषयावर बोलताना कोणते शब्द वापरले, आणि शब्दांऐवजी शरीराकृतींची चित्रे दाखवली असल्यास मुले मोकळेपणाने बोलली का, हे कृपया कळवावे.