प्रतिसाद: राजम्याचं सूप, दाणे कडक राहतात

वर विचारलंय की तासभर उकळूनही सूपमधला राजमा कडकच राहतो, तर माझ्या मते गडबड टोमॅटोची आहे, आंबट काहीही सुरुवातीला घातलं की दाण्याची सालं लवकर मऊ होत नाहीत, म्हणून टोमॅटो, लिंबू सगळं राजमा बोटांनी सहज चेपला जायला लागला की मगच घाला. मिठाचं उलट आहे बरं का, भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर सालं छान मऊ होतात. रात्री झोपताना भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या.

आणि प्लीज, राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकून ऑफिसला जाऊ नका! कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, मंद आचेवर ते जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात, आधी अर्धा तास खळखळून उकळायलाच हवा.

घट्टपणासाठी क्रीम वगैरे कशाला, वाटीभर शिजलेले दाणे पळीने घोटून परत त्यातच ढकला, मुलं आवडीने खातात. सुट्टीच्या दिवशी डबल करून डब्यांमध्ये फ्रीझ करा, फ्रीजरमध्ये आरामात टिकतं. फक्त लिंबू वाढतानाच पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने दाण्यातलं लोह अंगी लागतं.