व्हिसासाठी शिक्षणाचा पुरावा मागितला, पण मूळ सर्टिफिकेटच नाही! तुम्ही काय केलंत?

इमिग्रेशनची फाईल लावायला घेतली की पासपोर्ट, बँकेचे कागद, नोकरीची पत्रं भराभर जमतात आणि गाडी अडते ती पदवीपाशी. कुणाचं सर्टिफिकेट घर बदलताना गहाळ झालेलं असतं, कुणाचं पुरात गेलेलं. कुणी तर पदवीदान समारंभाला न गेल्यामुळे ते कधी हातातच घेतलेलं नसतं. अशा वेळी नेमकं काय चालतं, हे ज्यांनी निस्तरलंय त्यांनी सांगावं. देश आणि व्हिसाचा प्रकार जरूर लिहा. कॅनडाला जे चाललं ते अमेरिकेला चालेलच असं नाही.

सुरुवात माझ्यापासून. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायमच्या वास्तव्यासाठीची गुणांवर चालणारी निवड) परदेशी पदवीचे गुण हवे असतील तर तिचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, करून घ्यावं लागतं. माझं मूळ सर्टिफिकेट हरवलेलं. मग पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र, विद्यापीठाकडे अर्ज, फी आणि वाट बघणं. आलेल्या प्रतीवर ठळक ‘डुप्लिकेट’ असा शिक्का. तो बघून पोटात गोळा आला, पण मूल्यांकन करणाऱ्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्यांचं लक्ष होतं ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विषयवार गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर, आणि तेही विद्यापीठाकडून थेट आलेल्या. बंद पाकीट, चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का. तेच कागद मी पाठवले असते तर कुणी उघडूनही बघितले नसते. तेव्हा डुप्लिकेट हातात यायची वाट न बघता ट्रान्स्क्रिप्टचा अर्जही त्याच दिवशी टाका. आणि ईसीएचा अहवाल 5 वर्षंच चालतो, हे लक्षात असू द्या.

* * *

अमेरिका, ग्रीन कार्ड, ईबी-2 (उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीवर आधारित वर्ग). माझ्याकडे पदवी होती, पण उशिरा निघालेली. परीक्षा संपल्यावर मिळालं ते प्रोव्हिजनल, पक्कं सर्टिफिकेट बऱ्याच काळाने. मास्टर्स नसेल तर बॅचलर्सनंतरचा 5 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो कुठल्या तारखेपासून धरायचा यावरच घोडं अडलं. पक्क्या सर्टिफिकेटची तारीख धरली तर माझा अनुभव कमी पडत होता.

आमच्या वकिलांनी 2017 चा ‘मॅटर ऑफ ओ-ए-, इंक.’ हा निर्णय पुढे केला. यूएससीआयएसने, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याने, तो आपल्या सगळ्या अधिकाऱ्यांसाठी स्वीकारलेला आहे. त्याचा मथितार्थ असा की पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या आणि विद्यापीठाच्या अधिकृत मंडळाने पदवी मंजूर केली होती, हे दाखवता आलं तर प्रोव्हिजनलची तारीख धरता येते. सरसकट नाही, प्रत्येक केस वेगळी तपासतात.

खरा घाम गाळला तो विद्यापीठाच्या पत्रासाठी. पहिल्या पत्रात नुसतं ‘सदर विद्यार्थी उत्तीर्ण आहे’. त्याचा काय उपयोग? अटी कधी पूर्ण झाल्या आणि मंजुरी कधी मिळाली, या दोन गोष्टी तारखांसकट हव्यात. शेवटी मजकुराचा मसुदा मीच टाइप करून नेला. नोंदी पडताळून त्याच मजकुरावर सही झाली, आणि टेबलापलीकडचे गृहस्थही सुटल्यासारखे दिसले.

* * *

आमचं कॉलेज बंदच पडलं. पदवी विद्यापीठाची होती म्हणून ती परत मिळाली, पण त्याआधीचा डिप्लोमा कॉलेजचा स्वतःचा होता. त्याचं दप्तर कुणाकडे गेलं हे सांगणारंही कुणी नाही.

अमेरिकेच्या नियमांत याची उतरंड ठरलेली आहे: मूळ कागद, तो नसेल तर दुय्यम पुरावा, तोही नसेल तर किमान दोघांची शपथपत्रं. पण खालच्या पायरीवर यायचं तर वरची का चढता येत नाही ते सिद्ध करावं लागतं. म्हणजे ‘आमच्याकडे नोंद उपलब्ध नाही’ असं संबंधित खात्याच्या लेटरहेडवर, कारणासकट, लेखी हवं. ‘आहे’ असं लिहून देणारे भेटतात हो, ‘नाही’ असं लिहून द्यायला कुणी तयार होत नाही! वरच्या साहेबांना अर्ज केला तेव्हा ते पत्र मिळालं. सोबत जुनं ओळखपत्र, फीच्या पावत्या, परीक्षेचं प्रवेशपत्र लावलं.

> ताई, शपथपत्रं कुणाची दिलीत? नवऱ्याचं चालतं का?

> अर्जाशी संबंध नसलेली आणि प्रत्यक्ष माहिती असलेली माणसं लागतात. आमचे अहो तेव्हा माझ्या आयुष्यातच नव्हते, ते काय शपथ घेणार? विभागप्रमुख सर आणि एक वर्गमैत्रीण, दोघांनी कोणते विषय, कोणती वर्षं असं तपशिलात लिहिलं.

* * *

यूके. व्हिसाची इंग्रजीची अट इंग्रजीतून घेतलेल्या पदवीवर भागवायची होती. तिथे सर्टिफिकेटच हवं असा हट्ट नाही. ट्रान्स्क्रिप्ट किंवा विद्यापीठाचं तेवढीच माहिती देणारं अधिकृत पत्रही चालतं. परदेशी पदवीला वर एक्टिसचा (परदेशी पदव्या तपासणारी तिथली संस्था) दाखला लागतो. फार त्रास झाला नाही.

* * *

जर्मनी. माझ्या संस्थेच्या नोंदी आगीत गेल्या. बरेच दिवस पत्रव्यवहार करून शेवटी तो नाद सोडला, कारण आयटीवाल्यांना नोव्हेंबर 2023 पासून पदवीशिवायही ब्लू कार्ड (कुशल परदेशी कामगारांचा निवास-परवाना) मिळतं. गेल्या 7 वर्षांत त्या दर्जाच्या कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव आणि पगाराची मर्यादा, एवढं जुळलं पाहिजे. पदवी शोधण्यात जीव काढण्याआधी ती लागतेच का, हे एकदा बघा.

* * *

मी युरोपात निर्वासितांसोबत काम करते. त्यांना परत जाऊन डुप्लिकेट मागायची सोयच नसते, ज्या सरकारपासून पळून आले त्याच्याच दारात कसे उभे राहणार? परदेशी पदव्यांच्या मान्यतेबद्दलच्या 1997 च्या लिस्बन करारातलं सातवं कलम खास याच लोकांसाठी आहे: कागद नसले तरी त्यांच्या शिक्षणाचं मूल्यमापन करण्याची वाट देशांनी ठेवली पाहिजे. त्यातून 2017 मध्ये युरोप परिषदेने निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केला. आधी सविस्तर प्रश्नावली, मग जाणकारांसमोर मुलाखत. अभ्यासक्रम काय होता, प्रॅक्टिकल्स कोणती, प्रबंध कशावर, असं खोदून विचारतात. खरा शिकलेला माणूस त्यात खुलतो. हा दाखला 5 वर्षं चालतो. ती पदवीची कायदेशीर मान्यता नव्हे, पण पुढच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दाखवायला हातात काहीतरी असतं.

* * *

एका एजंटाने मला ‘हुबेहूब बनवून देतो’ असं सांगितलं होतं. कुणालाही असा फोन आला तर ठेवून द्या. कॅनडात खोटी माहिती सापडली तर 5 वर्षं बंदी, ऑस्ट्रेलियात बनावट कागदावर नकार आला तर बहुतेक व्हिसांसाठी 3 वर्षं दार बंद. आणि ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जात असताना बनावट सर्टिफिकेट टिकणार तरी किती वेळ?

* * *

पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, अशी माझी गत. डुप्लिकेट काढतानाच नवं नाव घालून मिळेल का असं विचारलं, तर साफ नकार आला. मूळ नोंदीत असेल तेच नाव येतं. मग जुन्याच नावाची प्रत घेतली आणि विवाह नोंदणीचा दाखला व दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मूल्यांकनाच्या अर्जात ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो, तो भरायला विसरू नका.