तासाबाहेरचे तास

'प्राध्यापकांनी आठवड्याला दहा-बारा तास शिकवायचं, बाकी वेळ मोकळाच' हे म्हणणं मला पटत नाही. वेळापत्रकात फक्त वर्गातला तास दिसतो. त्यामागची तयारी, विषय नवा असेल तर तासाच्या दुप्पट-तिप्पट सहज, त्यात धरली जात नाही.

प्रबंधाचं एक प्रकरण तपासणं म्हणजे काय ते बघा. तक्त्यातली बेरीज मजकुरातल्या आकड्याशी जुळत नाही, मग मूळ नोंदी मागवायच्या, चूक कुठे झाली ते विद्यार्थ्यासोबत बसून शोधायचं आणि सुधारलेलं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. संशोधनपत्रिकांसाठी दुसऱ्यांचे लेख तपासायचे, तेही बहुतेक वेळा विनामोबदला. पण ते कुणी केलंच नाही तर संशोधनाची छाननीच थांबेल. शिफारसपत्रं, समित्या, अहवाल आहेतच.

माझ्या मते सगळ्यात कस लागतो तो खचलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना. 'सर, सोडून द्यावंसं वाटतंय' म्हणणाऱ्याला उद्या ये सांगता येत नाही. जे ऐकून घेतात त्यांच्याकडेच मुलं पुन्हा पुन्हा येतात (प्राध्यापिकांकडे जास्तच), आणि बढतीच्या अर्जात या कामाला सहसा रकानाच नसतो. कार्यभार ठरवताना निदान मार्गदर्शनाचे तास तरी धरायला हवेत.