शहरांना भौतिकशास्त्राचे नियम लागू होतात का?

घातांक: टेक्सासमधील अवाढव्य कणत्वरक (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) अमेरिकी काँग्रेसने १९९३ साली मोडीत काढल्यानंतर कणभौतिकीचे अभ्यासक जेफ्री वेस्ट आधी जीवशास्त्राकडे आणि पुढे सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये शहरांकडे वळले. लुईस बेटनकोर्ट आदींसोबतच्या २००७ च्या शोधनिबंधात त्यांनी मांडले की लोकसंख्येच्या तुलनेत पेट्रोल पंप, विजेच्या तारा वगैरे कमी वेगाने वाढतात (घातांक, म्हणजे लोकसंख्येच्या ज्या घाताने ती गोष्ट वाढते तो आकडा, ०.८५ च्या आसपास; १ म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणातच वाढ), तर वेतन, पेटंट आणि गंभीर गुन्हे अधिक वेगाने (१.१५ च्या आसपास). प्रत्येक शहराची कुंडली वेगळी मांडण्याची सवय जडलेल्या नगररचनेला असा परका माणूस हवाच होता, असे माझे मत आहे.

नगरवासी: परका माणूस हवा, हे मान्य, पण शहराची हद्द कुठे संपते, हे आधी कोणी ठरवायचे? एल्सा आर्काउते आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली इंग्लंड-वेल्समधील शहरांच्या सीमा लोकवस्तीच्या घनतेनुसार आणि कामासाठीच्या ये-जा करण्यानुसार बदलून पाहिल्या, तेव्हा बरेचसे घातांक एकाच्या आसपास आले किंवा सीमेबरोबर सरकले. आपल्याकडेच पाहा: डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टात जाणाऱ्याचा पगार मुंबईच्या खात्यात धरायचा की कल्याण-डोंबिवलीच्या? उत्तरागणिक घातांक बदलत असेल, तर त्याला नियम कसे म्हणावे?

घातांक: आर्काउते स्वतःही भौतिकशास्त्रातूनच आल्या आहेत, त्यामुळे हा घरातलाच वाद आहे. शिवाय मूळ निबंधात अमेरिकी शहरांसाठी पालिकेची हद्द नव्हे, तर महानगर क्षेत्रच धरले होते. डोंबिवलीकराला मुंबईतच मोजावे, हे उत्तर त्यात आहे.

काटेकोर: ‘शहर दुप्पट, तर दरडोई १५ टक्के अधिक’ असे सर्रास सांगितले जाते, ते आधी थांबवावे. घातांक १.१५ असेल, तर दुप्पट लोकसंख्येला एकूण २.२२ पट, म्हणजे दरडोई ११ टक्केच वाढ होते. आणि संख्याशास्त्रज्ञ कोस्मा शालिझी यांनी २०११ मध्ये दाखवले की अमेरिकी शहरांच्या उत्पन्नाचे आकडे घातनियमाखेरीज (ठरावीक घातांकाने वाढ सांगणाऱ्या सूत्राखेरीज) इतर सूत्रांतही तितकेच बसतात. लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर मोठे फरक आक्रसून दाखवणाऱ्या) बिंदू रेषेला चिकटलेले दिसतात, पण दरडोई आलेख काढला की तेच बिंदू चांगले विखुरतात.

नगरवासी: आणि मला तो विखुरच हवा आहे. समान लोकसंख्येच्या दोन शहरांपैकी एकात पगार जास्त का, हाच नगररचनाकाराचा प्रश्न असतो.

घातांक: पण आकारामुळे किती अपेक्षित होते, हे आधी वजा केल्याशिवाय तो ‘जास्त’ मोजणार कशाने?