बैठकीत व्हायोलिन वाजवताना डावी करंगळी बधीर होते

नौपाडेकरीण:
नमस्कार. मी ठाण्यात राहते, वय ४४. चार वर्षांपूर्वी, मुलीची दहावी झाल्यावर, हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकायला घेतलं. रात्री साडेनऊला ओटा आवरला की हॉलमध्ये चटई टाकून तासभर बसते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो.

गेले दोन महिने वीसेक मिनिटांतच पाठीच्या डाव्या फऱ्यापासून मानेपर्यंत ठणका लागतो. आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर व्हायला लागलंय. परवा सकाळी डब्याच्या पोळ्या करताना लाटणं डाव्या हातातून निसटलं, तेव्हा मात्र घाबरले.

ऐरोलीला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते, तेही असेल. पण सुट्टीच्या दिवशी रियाज दोन तास होतो आणि नेमकं त्याच दिवशी जास्त दुखतं. क्लासमध्ये सांगितलं तर म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं, हात तयार होईपर्यंत सोसायचं. चार वर्षं झाली, अजून सुरुवातच का? डिसेंबरात प्रवेशिका पूर्णची, म्हणजे संगीताची, परीक्षा आहे. वाजवणं सोडायचं नाहीये, हे आधीच सांगते. शोल्डर रेस्ट, म्हणजे व्हायोलिनखाली लावायचा खांद्याचा टेकू, घेतला तर फरक पडेल का?

साथीदार_कळवा:
ताई, शोल्डर रेस्ट तूर्त नको. तो उभं राहून, हनुवटी आणि खांद्यात वाद्य धरणाऱ्यांसाठी आहे. तिकडे, पाश्चात्त्य पद्धतीत, हनुवटीचा टेकू १८२० च्या सुमारास लुई श्पोर या जर्मन वादकाने आणला, कारण डावा हात मोकळा हवा होता. आपल्याकडे तेच काम उजवं पाऊल करतं. स्क्रोल, म्हणजे व्हायोलिनचं पुढचं वळलेलं टोक, पावलावर, मागची बाजू डाव्या खांद्याखाली छातीला, आणि वाद्य या दोन टेकूंवरच राहायला हवं. डाव्या हाताने ते पेलायचं नसतं. व्हायोलिनवादक एन. राजम यांचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं, वादन बघा, लांब मींडेत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, हात केवढा सरकतो. तोच हात वाद्य धरून बसला तर सरकणार कसा?

आज एवढंच करा. नेहमीसारख्या बसा आणि डावा हात पूर्ण काढून घ्या. व्हायोलिन जागेवर राहिलं पाहिजे. आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, तीही बघा. स्वस्त व्हायोलिनांची घोडी बरेचदा उंच असते, मग तार दाबायला नको तेवढा जोर लागतो. फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीच्या, घोडीकडच्या टोकाशी सगळ्यात जाड तार साडेपाच मिलिमीटरच्या फार वर नसावी.

फिजिओ_वाशी:
करंगळी आणि अनामिका म्हणजे अल्नर नर्व्हचा भाग. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, कोपर बराच वेळ वाकलेलं राहिलं की ताणली जाते. पण हीच लक्षणं मानेतूनही येऊ शकतात, त्यामुळे इथे वाचून ठरवू नका. लाटणं निसटलं म्हणालात, म्हणून आग्रहाने सांगते, या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. झोपताना हात उशीखाली दुमडून घेता का? घेत असाल तर ते आजच बंद. आणि बधीरपणा सुरू झाला की थांबायचं. सोसल्याने नस तयार होत नाही.

नौपाडेकरीण:
दोघांचेही मनापासून आभार. हात काढून बघितला. व्हायोलिन सरळ मांडीवर घसरलं. चार वर्षं मी अख्खं वाद्य अंगठा आणि तळव्यात पेलत होते आणि ते कधी लक्षातच आलं नाही.

मग मुलीला बाजूने फोटो काढायला सांगितलं. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नोटेशनची वही मी डावीकडे जमिनीवर ठेवते. चष्म्यातून ती दिसावी म्हणून मान खाली आणि डावीकडे, पाठीला पोक. हे रोज तासभर! वही आता स्टुलावर डब्यांच्या वर, डोळ्यांसमोर. बुडाखाली चादरीची चार बोटं उंच घडी घेतली, पाऊल थोडं पुढे सरकवलं, घोट्याला टोचू नये म्हणून स्क्रोलखाली रुमाल. पहिले तीन दिवस सगळे सूर बेसूर लागले, कारण बोटांची जागाच बदलली. रडू आलं, खरंच सांगते. चौथ्या दिवशी यमनमध्ये निषादावरून रिषभावर जाताना हात असा सहज सरकला की मी थांबून तीच जागा पुन्हा पुन्हा घेत बसले.

डॉक्टरांनी नसांची तपासणी करून घेतली. दाब कोपरापाशी आहे, मान ठीक आहे. पंधरा-पंधरा मिनिटंच वाजवायचं, मध्ये उठायचं, रात्री कोपर सरळ राहावं म्हणून टॉवेल गुंडाळून झोपायचं. परीक्षा पुढच्या सत्रात देईन असं क्लासमध्ये कळवलं. तिथे ते फारसं आवडलं नाही, पण माझा हात आहे.

एक राहिलं. जाड तार मोजली, सात मिलिमीटर भरली. घोडी घरीच पॉलिश पेपरने घासली तर चालेल का?

साथीदार_कळवा:
अजिबात नको. वरची गोलाई बिघडली की गज एका तारेवर टेकवताना शेजारचीही वाजते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, आणि त्याच्यासमोर बसून वाजवून बघितल्याशिवाय घरी आणू नका.